काटेसाहेबांचं कोलेस्टेरॉल

माणसाची अब्रू कुठे आणि कशी जाईल याचा नेम नसतो. काटेसाहेबांची गेली ती कचेरीच्या कॅन्टीनमध्ये, हातात चहाचा कप आणि तोंडात अर्धं बिस्कीट असताना.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभी हयात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली, म्हणून दुकानदारांनी त्यांना ते नाव चिकटवलं. ते कचेरीत पोचलं, कचेरीतून घरी आलं, आणि आता खुद्द सासुरवाडीलाही त्यांचं खरं नाव पटकन आठवत नसे. काटेसाहेबांना त्याचं वाईट वाटत नव्हतं, उलट बरंच वाटायचं. ते दुकानाची पायरी चढले की तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेले चिंगम आपोआप गळून पडतात, अशी ख्याती होती. आयुष्यात दुसऱ्याचं माप काढण्याचा सरकारी अधिकार फार थोड्यांना मिळतो, आणि तो मिळालेला माणूस सहसा आरशात बघत नाही.

खात्यानं सक्तीची आरोग्य तपासणी ठेवली. अहवाल वाटायला प्रयोगशाळेची एक मुलगी आली होती. कॅन्टीनमध्ये गलका फार, म्हणून ती ओरडून बोलत होती. काटेसाहेबांचा कागद हातात घेऊन ती म्हणाली, "बाप रे, दोनशे नव्वद! काका, तुम्ही तेलाच्या गिरणीत राहता का?"

सगळं कॅन्टीन हसलं. ज्याला कुणी जन्मात कधी हसताना पाहिलं नव्हतं तो रोखपालसुद्धा हसला. काटेसाहेबांनी बिस्कीट गिळलं. ते शेवटचं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी अहवाल पाहिला आणि दोन मिनिटांत त्यांना मोकळं केलं. "रोज रात्री ही एक गोळी. तळलेलं कमी, चालणं जास्त. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा बघू."

"एवढंच?"

"एवढंच. पुढचा पेशंट पाठवा."

काटेसाहेबांना हे लागलं. मध्यमवर्गीय माणसाला आजार झाला तर निदान आजाराचा मान तरी हवा असतो. एक गोळी म्हणजे काय? खोकल्यालासुद्धा तीन देतात.

जिन्यात वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर भेटले. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण समोरचा माणूस चौथीत आहे असं धरून बोलायची सवय गेली नव्हती. त्यांनी काटेसाहेबांच्या हातातली गोळ्यांची पाकिटं ओढूनच घेतली.

"ही गोळी? घेतलीत?"

"आज रात्रीपासून."

"घेऊ नका. एकदा सुरू झाली की मेल्यावरच सुटते. यकृत खाते, स्नायू खाते, स्मरणशक्ती खाते. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते, गोळी सुरू केली आणि बायकोचं नाव विसरले."

"मग?"

"मग काय, बंद केली. नाव आठवलं. पण तोवर बायको माहेरी गेली होती."

गोळ्यांची पाकिटं कपाटात गेली. बायको म्हणाली, "डॉक्टरांनी दिलीय तर घ्या की."

"तुला यातलं काय कळतं?" काटेसाहेब म्हणाले. हे वाक्य त्यांच्या संसारात मिठासारखं होतं, कुठेही पडायचं. बायकोनं कपाटाचं दार लावलं. शेजारीपाजारी तिला वहिनी म्हणत. शिडशिडीत अंगाची, कामाला वाघ असलेली बाई. स्वतःबद्दल तिला कुणी काही विचारत नसे आणि तीही सांगत नसे, त्यामुळे दोन्ही बाजूंना सवय झाली होती.

गोळी नाही तर मग काय, हा प्रश्न बायकोच्या धाकट्या भावानं सोडवला. या मेहुण्यानं आजवर पाणी गाळायची यंत्रं विकली होती, दलदलीतले भूखंड विकले होते, आणि आता तो बरण्या विकत होता. त्यानं टेबलावर तीन बरण्या मांडल्या.

"भाऊजी, हे औषध नाही, अन्न आहे. निसर्ग! यात माशाचं तेल. यात लसणाचा अर्क. आणि या लाल गोळ्या म्हणजे जीवनसत्त्व. तीन महिन्यांत तुमच्या नळ्या आतून आरशासारख्या लख्ख होतील."

"तू स्वतः घेतोस का रे?" वहिनींनी विचारलं.

"ताई, मला काय झालंय?" मेहुण्यानं छाती ठोकून विचारलं.

माशाच्या तेलाचा गुण असा की ते पोटात जातं, पण तिथे रमत नाही. दर अर्ध्या तासानं ते ढेकराच्या रूपानं परत येऊन आपली खुशाली कळवतं. काटेसाहेब सोनाराच्या पेढीवर बारीक काटा तपासायला वाकले आणि नेमका तेव्हाच त्यांना ढेकर आला. समोर नवरीमुलीचे दागिने निवडायला आलेलं कुटुंब बसलं होतं. नवरीनं नाकाला पदर लावला. तिच्या आईनं सोनाराला विचारलं, "इथे जवळ बाजार आहे का हो मासळीचा?" सोनार जन्माचा व्यवहारी. तो म्हणाला, "नाही, सरकारी तपासणी चालू आहे."

इतपत काटेसाहेबांनी सोसलं. घात केला तो लाल गोळीनं.

महिन्याची बैठक होती. वरचे साहेब आले होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाचं माप कमी भरतंय. वर्षभर भरतंय. याचा अर्थ आपल्यातल्या कुणीतरी डोळेझाक केली आहे. ज्यानं केली त्याला ठाऊक आहे."

खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आणि त्याच क्षणी काटेसाहेबांचे कान तापले. मग मान, मग गाल, मग टक्कल. मिरच्यांच्या पोत्यात डोकं खुपसल्यासारखं सगळं भणभणायला लागलं. सगळ्यांच्या माना हळूहळू त्यांच्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला होता.

"काटेसाहेब," साहेब म्हणाले, "काही सांगायचंय?"

"नाही साहेब, ती… लाल गोळी…"

"कसली गोळी?"

"मेहुण्यानं दिलेली."

"अस्सं. मेहुणाही आहे का यात?"

त्या पंपाचं काम काटेसाहेबांकडे कधी नव्हतंच. पण चेहरा एकदा लाल झाला की बाकीचं कोण विचारतो? दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागवण्यात आला. ज्या माणसानं साऱ्या नोकरीत दुकानदाराकडचं साधं पाणी घेतलं नव्हतं, त्याच्याकडे शिपाईसुद्धा नव्या आदरानं बघू लागला. एकानं तर कानात विचारलं, "साहेब, किती मिळाले हो?"

काटेसाहेबांनी खुलासा दिला की लाली गोळीची आहे. कचेरी म्हणाली, तसा दाखला आणा. ते सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे बरणी घेऊन गेले. अधिकाऱ्यानं बरणी डोळ्यांजवळ धरून वाचली.

"इथे लिहिलंय, 'हे औषध नव्हे'. जे औषधच नाही त्याचा परिणाम झाला असं मी कसं लिहू?"

"पण झाला ना!"

"माझ्यासमोर नाही झाला."

"मग आत्ता घेऊ?"

"घ्या, बापडे."

काटेसाहेबांनी गोळी घेतली आणि बाकावर बसून राहिले. आत-बाहेर जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत होता. चेहरा गव्हाळ तो गव्हाळच. सकाळी वहिनींनी जबरदस्तीनं पोटभर खाऊ घातलं होतं, भरल्या पोटी गोळी सावकाश चढते, त्याचा हा प्रसाद. शेवटी हिरमुसले होऊन ते उठले, जिना उतरले, फाटकाशी पोचले आणि कान तापले. ते तसेच उलट पावली जिने चढत धावले. दारावर पाटी होती : जेवणाची सुट्टी. काटेसाहेब आपला लालबुंद चेहरा घेऊन बंद दारासमोर उभे राहिले आणि तो तिथेच हळूहळू ओसरला.

अधिकारी माणूस तसा वाईट नव्हता. परत आल्यावर तो म्हणाला, "मी एवढं लिहू शकतो की तुमचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, हृदयाला धोका आहे, ताणामुळे चेहरा लाल होऊ शकतो. चालेल?"

बुडत्याला काय चालत नाही? कचेरीनं दाखला मान्य केला. काटेसाहेब निर्दोष ठरले. आणि त्याच आदेशाच्या दुसऱ्या परिच्छेदात असं होतं की, ज्याअर्थी सदर कर्मचाऱ्याच्या हृदयाला धोका आहे, त्याअर्थी त्यास फिरतीच्या कामातून मुक्त करून जप्त मालाच्या कोठीत नेमण्यात येत आहे.

कोठी म्हणजे तळघर. तिथे खोटी वजनं, वाकडे काटे आणि तळ ठोकून उथळ केलेली मापं गंज खात पडली होती. ही सगळी काटेसाहेबांनीच पकडून आणलेली. आता तो गुन्हेगार माल आणि त्याला पकडणारा, दोघं एकाच खोलीत दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसले. रस्त्यानं जाताना नमस्कार करणारे दुकानदार महिनाभरात नुसती मान हलवायला लागले, आणि पुढे तेही जड वाटू लागलं.

बाहेर माप काढायची सोय उरली नाही तेव्हा काटेसाहेबांनी घरात काढायला सुरुवात केली. त्यांनी एक छोटा काटा विकत आणून ओट्यावर ठेवला. पाव त्यावर, बदाम त्यावर, जवसाची पूड त्यावर. भाजीत तेल थेंबांनी. अंडं उकडलं की पांढरा भाग काटेसाहेबांचा; पिवळा बलक वहिनी ओट्यापाशी उभ्याउभ्या तोंडात टाकत, कारण चांगलं अन्न टाकायचं कसं? लोण्याचा आणलेला डबा, तळलेल्या बटाट्यांची पाकिटं, मुरवलेलं चीज, जे जे त्यांना वर्ज्य झालं ते ते वहिनींनी गपचूप संपवलं.

"भाजी बेचव झालीय," काटेसाहेब म्हणत.

"तेल घालू का थोडं?"

"म्हणजे मी मरावं अशी इच्छा आहे तुझी!"

सकाळी चालायला एकटं जायची त्यांना भीती वाटे. वाटेत काही झालं तर? म्हणून वहिनी बरोबर. घरातलं सगळं आवरून, डबा भरून, धापा टाकत त्या मागून येत. बागेच्या दुसऱ्या फेरीला त्या बाकावर बसायच्या. काटेसाहेब जागच्या जागी पाय हलवत उभे राहायचे आणि चिडायचे. "तू थांबलीस की माझी लय तुटते! नाडी खाली येते! इतकी बारीक बाई तू, तुला कसला दम लागतो?"

"होय हो, चला," म्हणून वहिनी उठायच्या.

हेडमास्तर ग्यालरीतून बघत असायचे. "काटेसाहेब, वहिनींकडून काहीतरी शिका. काडी आहे काडी!"

तीन महिने संपले. प्रयोगशाळेनं तेव्हा दारावर फलक लावला होता : एका तपासणीवर जोडीदाराची तपासणी मोफत. काटेसाहेबांनी फुकटचं कधी घेतलं नव्हतं, पण हे काही दुकानदाराकडचं नव्हतं. "दे तूही रक्त," ते म्हणाले. "नाहीतर वाया जाईल." अशा रीतीनं लग्नानंतर पहिल्यांदाच वहिनींचं रक्त कुणीतरी तपासलं.

अहवाल आले. काटेसाहेब दोनशे चौऱ्याऐंशी. वहिनी तीनशे एकाहत्तर.

काटेसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. हे उघड होतं. नावं बदलली होती. ते तडक प्रयोगशाळेत गेले आणि काउंटरवर मूठ आपटून म्हणाले, "तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासलं? शिक्का दाखवा!"

काउंटरवरचा माणूस म्हणाला, "काका, शंका असेल तर दोघंही पुन्हा रक्त देऊन जा. पैसे नकोत."

काटेसाहेब घरी आले आणि अंथरुणावर आडवे झाले. तीनशे एकाहत्तर! एवढं मोजून मापून खाल्लं, घामाघूम होऊन चालले, बरण्या रिचवल्या, आणि आकडा वर गेला! आता काय राहिलं?

"मी जाऊन देऊन येते ना पुन्हा," वहिनी म्हणाल्या.

"तुझं कशाला? ते माझं रक्त आहे."

हेडमास्तर आले, त्यांनी कागद पाहिले आणि निकाल दिला. "अदलाबदल झालीच आहे. वहिनींच्या अंगावर आहे काय चरबी व्हायला?" मेहुणा आला, त्यानं चौथी बरणी आणली. कचेरीतला रोखपाल आला, या खेपेला न हसता. बिछान्याभोवती खुर्च्या पडल्या. काटेसाहेब क्षीण आवाजात सगळ्यांना पहिल्यापासून सांगत. आणि खरं सांगायचं तर, कोठीत गेल्यापासून त्यांचं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. कुणी नवीन आलं की ते मान किंचित वळवून म्हणत, "अगं, चहा."

वहिनी चहा करत होत्या. दूध संपलं की खाली जात होत्या. साखर संपली की पुन्हा जात होत्या. डावा खांदा दुखतो म्हणून एकदा त्या सहज म्हणाल्या, तेव्हा खोलीत हृदयाच्या झडपांबद्दल चर्चा रंगली होती. त्यात ते वाहून गेलं.

मग एका दुपारी दुधाला गेलेल्या वहिनी लवकर वर आल्या नाहीत. चहाची वाट बघून कंटाळलेले हेडमास्तर घरी जायला म्हणून बाहेर पडले, कठड्यावरून खाली डोकावले आणि त्यांनी अशी हाक मारली की चौथीचा वर्ग गप्प झाला असता.

काटेसाहेब अनवाणी धावले. अंथरुणाला खिळलेला माणूस तीन तीन पायऱ्या एका ढांगेत उतरला. वहिनी जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळावर घाम, ओठ पांढरे, मांडीवर पिशवी.

"काही नाही हो. जरा दम लागला," त्या म्हणाल्या. "दूध आत ठेवा. नासेल."

पुढचं सगळं फार भराभर झालं. रुग्णवाहिका, काचेची दारं, सह्या. हृदयाची एक वाहिनी जवळजवळ बंद झाली होती. ती मनगटातून तार घालून उघडली. वहिनी वाचल्या.

हृदयाच्या डॉक्टर वयानं लहान होत्या, पण थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी काटेसाहेबांना बाजूला घेतलं.

"चालताना यांना दम लागायचा का?"

"कधीकधी बसायची."

"तुम्ही विचारलं नाहीत, का बसते म्हणून?"

काटेसाहेबांनी घसा साफ केला. विचारलं होतं त्यांनी. रोज विचारलं होतं. ते कसं विचारलं होतं हे मात्र त्यांना आत्ता सांगवेना. त्यांनी दुसरंच काढलं. "बलक खाऊन झालं असेल का हो? ती बलक खायची. मी पांढरं खायचो ना, म्हणून."

त्यांच्या आवाजात आशा होती. बलकावर गेलं असतं तर बरं झालं असतं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एवढा आकडा बलकानं होत नाही. हे बहुधा घराण्यातून आलेलं आहे, कित्येक वर्षांपासून असणार. शिडशिडीत माणसालाही असतं. वेळेवर रक्त बघितलं असतं तर कदाचित गोळ्यांवरच निभावलं असतं." आणि त्यांनी चिठ्ठीवर इतर औषधांबरोबर त्या गोळीचं नाव लिहिलं. तीच गोळी. घरी कपाटात बरण्यांच्या मागे तिची पाकिटं न फोडता पडली होती.

"यांच्या भावंडांनाही तपासून घ्यायला सांगा," त्या जाता जाता म्हणाल्या.

वहिनींची थोरली बहीण गोळीवरच होती, तिला कधीच कळलं होतं. मेहुण्याचा आकडा तीनशे चाळीस निघाला. तो डॉक्टरांच्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या खिशात पाकीट होतं. बरण्यांचा विषय त्यानं काढला नाही. हेडमास्तर मात्र मनानं मोठे. औषधांचं दुकान बंद होतं आणि काटेसाहेबांना घरी जायला सवड नव्हती, त्या दिवशी त्यांनी आपल्या घरून एक पट्टी आणून दिली. "ही घ्या, तीच आहे. माझ्याकडे जास्तीची असते."

"तुमच्याकडे?"

"मी घेतो ना. नऊ वर्षं झाली."

"अहो, मग मला…"

"तुमची प्रकृती वेगळी," हेडमास्तर शांतपणे म्हणाले. "मी आपलं सर्वसाधारण सांगितलं होतं."

काटेसाहेबांनी दोन्ही मुठी आवळल्या आणि पुन्हा सोडल्या. मारायचं कुणाला, हा हिशेब जुळेना.

घरी सोडताना डॉक्टरांनी महिनाभर पूर्ण विश्रांती सांगितली. काटेसाहेब म्हणाले, मी रजा काढतो, कोठी काही पळून जात नाही. वहिनी पलंगावर बसून केसांना पिन लावत होत्या. त्या म्हणाल्या, "मी ताईकडे जाते."

"घरी मी बघतो ना सगळं."

"तुम्ही बघाल हो," वहिनी म्हणाल्या. त्यात राग नव्हता, टोमणा तर मुळीच नव्हता. "पण लोक येतील. मला चहा करायला उठावंसं वाटेल."

महिना झाला. काटेसाहेबांनी रोज रात्री गोळी घेतली. बायकोचं नाव ते विसरले नाहीत, यकृतही जागेवर राहिलं. तपासणीत आकडा इतका खाली आला की प्रयोगशाळेतल्या मुलीनं, "छान हां काका," म्हटलं. ती बातमी आणि फळांची पिशवी घेऊन ते बायकोला न्यायला मेहुणीकडे गेले. वहिनी खिडकीपाशी बसून संत्रं सोलत होत्या. तोंडावर रंग आला होता. त्या नीट हसल्या, आकडा ऐकून "बरं झालं" म्हणाल्या, आणि अर्धं संत्रं त्यांच्या हातावर ठेवलं.

"चलतेस ना?"

"आणखी थोडे दिवस राहते."

"किती?"

वहिनींनी संत्र्याची सालं गोळा केली. "ते नाही अजून ठरवलं. ठरलं की कळवीन."

आतून मेहुणी म्हणाली, "भाऊजी, जेवूनच जा." पण काटेसाहेबांना काम आठवलं. कोठीत कसलं काम, हे तिनं विचारलं नाही.

घराच्या कोपऱ्यावर किराणावाला दुकानाबाहेर उभा होता. एके काळी त्याची दोन वजनं काटेसाहेबांनी जप्त केली होती. आता त्याला त्यांची भीती उरली नव्हती, म्हणून तो मोकळेपणानं बोलायचा.

"या साहेब! बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत. काय म्हणतंय कोलेस्टेरॉल?"

काटेसाहेब थांबले. "कुणाचं?" त्यांनी विचारलं.

किराणावाला हसला. "ही काय थट्टा! तुमचंच की. आणखी कुणाचं असणार?"